मोटरहोम भाड्याने घेताय? ३० अँप की ५० अँप

उन्हाळ्यात आई-बाबा अमेरिकेत आले की मोटरहोमच्या सहलीची टूम निघते. बेड किती, बाथरूम केवढी हे सगळे विचारतात. गाडीच्या माहितीतली विजेची ओळ मात्र कोणी वाचत नाही आणि पुढची कटकट तिथेच असते.

मुक्कामाच्या जागी गाडीचा प्लग तिथल्या विजेच्या खांबावरच्या सॉकेटात लावायचा असतो. ३० अँपच्या गाडीला तीन पिनांचा प्लग आणि १२० व्होल्टची एकच लाइन, म्हणजे फार तर ३,६०० वॉट. ५० अँपच्या प्लगला चार पिना. त्यातून ५०-५० अँपच्या दोन लाइनी आत येतात, म्हणजे १२,००० वॉट. आकड्यावरून जेमतेम पावणेदोनपट वाटणारा फरक प्रत्यक्षात तिपटीहून मोठा आहे.

३० अँपवरची संध्याकाळ बघा. एसी १,५०० वॉट, पाण्याचा हीटर विजेवर असेल तर १,४००. इथवर निभावतं. मग कोणी इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी लावतं, आणखी १,०००, आणि ब्रेकर पडतो. हीटर गॅसवर टाकला की प्रश्न मिटतो. पुष्कळ गाड्यांत फ्रिजही गॅसवर चालतो. ५० अँपवर दोन एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावा, चालतील. (भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर मात्र १२० व्होल्टच्या सॉकेटवर दोन्हीकडे रडणार. चटणी घरूनच न्या.)

जुलैत ॲरिझोना-टेक्सास, मोठी गाडी, मुक्काम खासगी आरव्ही पार्कात (मोटरहोम लावायच्या तळावर), असा बेत असेल तर ५० अँपच घ्या. पण तिथे ३० अँपचाच खांब मिळाला तर अडॅप्टरने प्लग बसेल, वीज ३,६०० वॉटच मिळेल.

यलोस्टोन नॅशनल पार्कला जाणार असाल तर ५० अँपसाठी जास्त पैसे मोजू नका. तिथे फिशिंग ब्रिजचा आरव्ही पार्क सोडला तर कॅम्पग्राउंडमध्ये विजेचा खांबच नाही. सगळी भिस्त बॅटरी आणि जनरेटरवर. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, म्हणजे जेमतेम ६०० वॉट-तास. दिवे, पंप आणि हीटिंगचा पंखा एवढंच तिचं काम. हीटिंग गॅसवर असलं तरी पंखा बॅटरीच खातो, आणि तिथे जूनमध्येही रात्री गारठा असतो. एसी, मायक्रोवेव्हला जनरेटर लागतो. तो ४,००० वॉटचा असला तरी रात्री चालवता येत नाही, भाड्याच्या गाडीत बहुधा तासावर पैसे लागतात आणि पेट्रोल साधारण पाव टाकीवर आलं की तो आपोआप बंद पडतो.

बाबा रात्री सीपॅप (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा देणारं मशीन) लावत असतील तर बुकिंगआधी विचारा: इन्व्हर्टर आहे का, आणि असला तर पलंगाजवळच्या सॉकेटला जोडलाय का? इन्व्हर्टर नसेल तर खांबाविना भिंतीतले सॉकेट मेलेलेच. मग मशीनची १२ व्होल्टची वायर वेगळी मागवावी लागते, आणि एवढ्याशा बॅटरीवर रात्र काढायची तर मशीनचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवलेला बरा.