स्टिअरिंगची किरकिर आणि सिलिकॉन ग्रीस : उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या स्टिअरिंगमधून येणाऱ्या किरकिरीवर उपाय म्हणून मी होळीच्या सुमारास सिलिकॉन ग्रीसची एक लहान ट्यूब आणली, आणि आता थंडी सुरू झाल्यावर तिच्याविषयी लिहीत आहे. वस्तू कामाची आहे. मात्र आवाज नेमका कुठून येतो हे ठरल्याशिवाय ती विकत घेण्यात अर्थ नाही, त्यामुळे या अनुभवातला मोठा भाग शोधाचाच आहे.

गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे, म्हणजे हायड्रॉलिक प्रकारातील पंप, त्याचा पट्टा आणि तेल यांपैकी काहीही तिच्यात नाही. तरीही एका गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच ‘ऑइल टॉपअप’ सुचवण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगच्या फिरण्याने चाके वळवणारा भाग) बदलण्याचा खर्च हातात ठेवण्यात आला. हायड्रॉलिक स्टिअरिंग असते तर तेल तपासणे रास्त होते. तिथे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर सैल पट्टा घसरून किंचाळतो आणि तेल कमी झाले की पंप घरघरतो. दुसरा गैरसमज मॉलच्या तळघरात होतो. तिथल्या गुळगुळीत, रंगवलेल्या जमिनीवर वळताना धडधाकट गाडीचे टायरही चिरचिरतात, त्यामुळे तपासणी साध्या डांबरी रस्त्यावर करावी.

माझ्या गाडीचा आवाज बारीक, ओल्या काचेवरून बोट फिरवल्यासारखा होता. गाडी उभी असतानाही तो येई, स्टिअरिंग सावकाश फिरवल्यावर अधिक स्पष्ट ऐकू येई आणि गाडी दुपारभर उन्हात तापलेली असली की फारच वाढे. पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून, गाडी भक्कम स्टँडवर टेकवून स्टिअरिंग फिरवले, तरी आवाज तसाच राहिला. ही चाचणी फार उपयोगी आहे, कारण चाके उचलल्यावर आवाज बंद झाला तर संशय गाडीचे वजन पेलणाऱ्या भागांवर, म्हणजे शॉकअपच्या माथ्यावरील बेअरिंगवर किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटवर जातो. आवाज कायम राहिला तर बहुधा स्टिअरिंगच्या दांड्यातच शोध घ्यावा लागतो.

चालकाच्या पायाशी, पेडलांच्या मागे, हा दांडा ज्या रबरी बुटातून, म्हणजे आवरणातून, इंजिनाच्या बाजूला जातो, त्याच्या ओठावर (दांड्याला टेकणाऱ्या कडेवर) बोट ठेवले आणि पत्नीला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितले. प्रत्येक किरकिरीबरोबर रबराची बारीक थरथर बोटाला जाणवत होती. खात्रीसाठी ओल्या कापसाचा बोळा त्या ओठावरून फिरवला. आवाज तत्काळ थांबला आणि पाणी सुकताच परत आला. फवाऱ्याने पाणी मारू नये, कारण जवळच स्टिअरिंगची विद्युत मोटर आणि वायरिंग असते.

ग्रीस लावण्याचे काम त्या मानाने किरकोळ आहे. ओठावरची धूळ ओलसर फडक्याने पुसली, रबर कोरडे होऊ दिले, कान साफ करण्याच्या काडीने ग्रीसचा पातळ थर सर्व बाजूंनी दिला आणि ते आत ओढले जावे म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवले. जास्त ग्रीस लावल्यास त्यावर धूळ चिकटते, आणि पेडलवर पडल्यास पाय घसरण्याचा धोका असतो. घरात असलेला गंज सोडवण्याचा स्प्रे मी मुद्दाम वापरला नाही: तो पातळ असल्याने लवकर उडून जातो आणि त्यातील खनिज तेलाने अनेक प्रकारचे रबर फुगून सैल पडते. चाकांच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीसही त्याच कारणासाठी इथे नको.

संपूर्ण उन्हाळा गाडी शांत होती. दिवाळीच्या सुमारास पहाटेच्या गारठ्यात किंचित आवाज आला, तेव्हा बोटाच्या टोकावर मावेल इतके ग्रीस पुन्हा लावले. त्यानंतर तक्रार नाही. ट्यूब अजून जवळजवळ भरलेलीच आहे, त्यामुळे काही शे रुपयांची किंमत मला जास्त वाटत नाही.

जिथे ग्रीसचा उपयोग झाला नाही, तेही सांगायला हवे. ऐन पावसाळ्यात डाव्या बाजूने वेगळाच आवाज सुरू झाला. आधी करकर, मग ‘टण्’ असा झटका, आणि स्टिअरिंग वळवून सोडल्यावर ते सरळ येण्यास कुचराई करू लागले. चाकाच्या आतल्या बाजूने, वेटोळ्यांमध्ये बोटे न घालता, स्प्रिंगवर तळवा टेकवला तेव्हा ती पीळ खाऊन एकदम सुटत असल्याचे कळले. शॉकअपच्या माथ्यावरील बेअरिंग चिखलपाण्याने अडकले होते आणि अशा बेअरिंगला वरून काहीही लावून ते सुधारत नाही. स्प्रिंग दाबून धरण्यासाठी खास अवजार लागते आणि ती निसटली तर हात मोडेल एवढी ताकद तिच्यात असते, म्हणून हे काम गॅरेजमध्येच करून घेतले आणि नंतर व्हील अलाइनमेंट तपासले.

स्टिअरिंग व्हीलच्या अगदी मागून, आवरणाच्या आत खरखर येत असेल तर मात्र ही ट्यूब बाजूला ठेवावी. तिथे हॉर्न आणि एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली पट्टी असते. ती खराब होत असल्यास एअरबॅगचा दिवा लागू शकतो किंवा हॉर्न अधूनमधून बंद पडतो. बॅटरी न सोडवता ते आवरण उघडणे धोक्याचे आहे, आणि एअरबॅगचे काम जाणणाऱ्या माणसाशिवाय कोणी त्याला हात लावू नये.