ट्विंकलिंग वॉटरमेलन : वडिलांच्या तारुण्यात जाऊन पोहोचलेला मुलगा

दक्षिण कोरियातील टीव्हीएन या वाहिनीवर २०२३ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत दाखवली गेलेली 'ट्विंकलिंग वॉटरमेलन' ही १६ भागांची मालिका मी भाचीच्या आग्रहाखातर पाहायला घेतली. कालप्रवास, शाळकरी वयातले प्रेम आणि बँड एवढा मसाला एकत्र ऐकून माझी अपेक्षा बेताचीच होती. मालिका संपली तेव्हा मात्र आमच्या घरात सरळ दोन तट पडले होते, आणि वाद होता तो शेवटावरून. त्या शेवटाविषयी पुढे लिहावेच लागणार आहे, म्हणून ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी मालिका पाहून मगच हे वाचावे.

कथानायक उन-ग्योल हा अभ्यासात हुशार, शिस्तीचा मुलगा. आई, वडील आणि थोरला भाऊ हे तिघेही कर्णबधिर असून घरात ऐकू येणारा तो एकटाच आहे. अशा मुलांना जगभर 'कोडा' म्हणतात. बोलता येऊ लागल्यापासून तो घराचा दुभाषा झालेला असतो, त्यामुळे बाहेरच्यांनी आईवडिलांना उद्देशून काढलेले कडू शब्द आधी त्याच्या कानांवर पडतात आणि त्यांतले किती हातांनी पुढे पोहोचवायचे हेही त्यालाच ठरवावे लागते. रात्री तो घरच्यांच्या नकळत एका बँडमध्ये गिटार वाजवतो. हे गुपित फुटल्यावर तो गिटार विकायला एका वाद्यांच्या दुकानात शिरतो आणि बाहेर येतो तो थेट १९९५ सालात. तिथे त्याला त्याच्याच वयाचे वडील, म्हणजे ई-चान, भेटतात. धक्का असा की ई-चानला व्यवस्थित ऐकू येत असते. पुढे एका अपघातात त्याची श्रवणशक्ती जाणार आहे हे एकट्या उन-ग्योलला ठाऊक असते, आणि तो अपघात टाळायचाच असा चंग तो बांधतो. त्यात भर म्हणजे ई-चान भलत्याच मुलीवर, सेलो वाजवणाऱ्या से-ग्योंगवर, भाळलेला असतो. तिथे त्याचे जमले तर उन-ग्योलचा जन्मच धोक्यात.

ई-चानच्या भूमिकेत चोई ह्योन-उकने धमाल केली आहे. रयोउनचा उन-ग्योल पहिल्या दोन भागांत जरा कोरा वाटतो, परंतु स्वतःच्या बापाला मित्र म्हणून हाताळताना त्याची जी तारांबळ उडते ती त्याने फार नेमकी दाखवली आहे. से-ग्योंगच्या बाजूचे रहस्य मला लांबवलेले वाटले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मालिकेचा खरा ऐवज चंग-आ ही आहे. उन-ग्योलची भावी आई असलेली ही श्रीमंत घरातली कर्णबधिर मुलगी शिन उन-सूने जवळजवळ केवळ डोळ्यांनी उभी केली आहे. तिच्याकडे मोठा बंगला आहे, नोकरचाकर आहेत, पण भाषा नाही, कारण घरात तिला सांकेतिक भाषा कोणी शिकूच दिलेली नाही. ती भाषा तिला उन-ग्योल शिकवतो. ज्या आईच्या हातांकडे पाहत तो लहानपणी ही भाषा शिकला, तिचेच हात तो आता वळवू लागतो, आणि मग ही भाषा या घरात मुळात आली कोणाकडून, हा कालप्रवासाचा पेच लेखिका जिन सू-वान यांनी कुठेही बोलून न दाखवता प्रेक्षकासमोर ठेवला आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या बाईंना हे प्रसंग पाहवेनात. त्यांच्या उमेदीच्या काळात मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावे हाच आग्रह असे, हातवारे करणाऱ्या मुलांना त्या स्वतः दटावत असत, हे त्यांनीच सांगितले. दक्षिण कोरियात सांकेतिक भाषेला कोरियन भाषेच्या बरोबरीचे स्थान देणारा कायदा २०१६ साली झाला; आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेच्या देशभर प्रमाणीकरणाची गोष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आली. १९९५ मधली चंग-आ म्हणूनच बाईंना परक्या देशातली वाटली नाही.

आता शेवट. इतका आटापिटा करूनही अपघात टळत नाही आणि ई-चानला ऐकू येईनासे होते. भाचीचे म्हणणे असे की, सोळा भाग आशेवर ठेवून हात रिकामेच ठेवायचे असतील तर कालप्रवास हवाच कशाला? मला मात्र हाच निर्णय मालिकेला वाचवणारा वाटला. वडिलांना ऐकू येऊ लागले असते, तर पहिल्या भागात दिसलेले हसरे, भांडणारे, हातांनी एकमेकांची थट्टा करणारे घर म्हणजे केवळ दुरुस्त करायची चूक होती, असा अर्थ निघाला असता. खटकते ते पुढचे. उन-ग्योल परततो तेव्हा घरची सांपत्तिक स्थिती पार पालटलेली असते. बहिरेपण ही उणीव नव्हे असे म्हणणाऱ्या लेखणीला साधेपणा मात्र उणीव वाटावी, याचे नवल वाटले, आणि इथे भाचीशी माझे एकमत झाले.

नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी मूकबधिर आईवडील साकारलेला, गोव्यात घडणारा 'खामोशी' हा १९९६ चा हिंदी चित्रपट आपल्याकडच्या प्रेक्षकांना आठवल्यावाचून राहणार नाही. तिथेही मुलीला गायचे असते. तेव्हा ऐकू येणाऱ्या कलाकारांनी अशा भूमिका करण्याबद्दल कोणी फारसे काही म्हटले नसेल, परंतु २०२३ मध्येही या मालिकेतील कर्णबधिर कुटुंबाच्या प्रमुख भूमिका ऐकू येणाऱ्यांकडेच जाव्यात, हे पटत नाही. कलाकारांची मेहनत दिसते, तरीही शेजारच्या बाईंच्या सरावलेल्या नजरेला काही ठिकाणी हात पाठ केलेले वाटले.

मालिका विकी या संकेतस्थळावर इंग्रजी उपशीर्षकांसह पाहता येते. ती शक्यतो मोबाइलवर पाहू नये. उपशीर्षके पडद्याच्या खालच्या भागात येतात आणि नेमके तिथेच बोलणारे हात असतात. मी पहिले तीन भाग मोबाइलवर उरकले आणि मग टीव्हीवर पुन्हा पहिल्यापासून पाहिले.