मुठीचा जोर मोजायचं यंत्र (डिजिटल हँड डायनॅमोमीटर): बायपासच्या पेशंटसाठी पाचपैकी साडेतीन

घरात कुणाची बायपास किंवा हृदयाची झडप बदलायची तारीख ठरली असेल तर हे यंत्र ऑपरेशनच्या आधी घ्या. नंतर आणलं तर ताडून पाहायला आधीचा आकडाच नसतो, आणि याचा खरा उपयोग ताडून पाहण्यातच आहे. सत्तरीतला माणूस चार-आठ दिवस पडून राहिला आणि जेवण तुटलं की स्नायू भराभर उतरतात. वजनकाट्यावर ते लपतं, कारण ऑपरेशननंतर अंगात पाणी साठलेलं असू शकतं. मुठीच्या जोरात ते दिसतं.

इथे विचार ऑनलाइन मिळणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या साध्या यंत्राचा आहे. मोजायचं असं: पाठ टेकून खुर्चीत बसायचं, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ. यंत्राची आतली मूठ (बोटांनी दाबायचा दांडा) इतकी सरकवायची की बोटांची मधली पेरं काटकोनात वळतील. हे समायोजन बहुतेक घरी होतच नाही. मूठ दुकानातून आली तशीच रुंद राहते, आजींच्या छोट्या हाताला पुरत नाही आणि आकडा उगाच कमी येतो. मग सावकाश जोर वाढवत तीन-चार सेकंद दाबायचं, दाबताना तोंडाने श्वास सोडायचा. दोन्ही हातांना तीन-तीन वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि सर्वांत मोठा आकडा तारखेसह वहीत. झटका देऊन दाबलं तर यंत्र तो झटकाच पकडून ठेवतं, तो आकडा खोडा.

म्हातारपणी स्नायू झिजण्यावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये आखलेली रेघ अशी: पुरुषाची पकड 28 किलोच्या खाली, बाईची 18 च्या खाली गेली तर कमजोर धरायची. यंत्राच्या पडद्यावर ‘कमजोर’, ‘नॉर्मल’ असे शेरे येतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते कुठल्या लोकांच्या मोजमापावरून ठरवलेत हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. एक-दीड किलोचा चढउतारही मनावर घेऊ नका, तेवढा तर वेळ आणि थकव्यानेही होतो.

दीड गुण कापला तो यासाठी. एक तर किलो-पाउंडचं बटण चुकून दाबलं जातं. 40 पाउंड म्हणजे जेमतेम 18 किलो, आणि घरचे ‘40 आले’ म्हणून निश्चिंत होतात. दुसरं, यंत्र बरोबर मोजतंय का हे तपासायची सोय दिलेली नसते. ती घरीच करता येते: पाच लिटरचे दोन कॅन पाण्याने भरा, रुंद पट्ट्याने आतल्या मुठीला टांगा, बाहेरची चौकट धरून उचला. कॅनचं वजन धरून 10 किलोच्या जरा वर दिसायला हवं. हे काम धडधाकट माणसाने करायचं. पेशंटने कॅनला हातही लावू नये, ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात.

बायपाससाठी मनगटाकडची धमनी काढली असेल तर त्या हाताचा आकडा काही दिवस खाली राहू शकतो. त्यामुळे आधीच्या आकड्याशी ताडून पाहायला दुसरा हात धरा. घरी आल्यावर पहिलं माप सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच घ्या, पुढे पंधरवड्यातून एकदा पुरे.

आणि कळकळीने सांगावंसं वाटतं: हे यंत्र म्हणजे व्यायामाचं साधन नाही. टीव्हीसमोर बसून दिवसभर मूठ आवळणारे आजोबा पुष्कळ दिसतात. श्वास रोखून पूर्ण जोराने आवळलं की रक्तदाब चढतो, आणि पायांना त्यातून काहीच मिळत नाही. चालणं, संडासातून उठणं, जिना, सगळं मांड्यांवर आहे.

मांड्यांसाठी खुर्चीच बरी. साधारण 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घडी करून पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय अशक्त. यात हातांनी रेटायचं नसल्याने छातीच्या हाडावरही ताण येत नाही, पण पहिले काही दिवस शेजारी कुणी तरी उभं असावं. छातीत दुखलं, हाडात ‘कट’ असा आवाज आला किंवा गरगरलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करा. आकडे उतरत असतील तर जेवणातलं प्रथिनंही पाहा: रोज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. नुसत्या वरणभातावर ते निघत नाही, दही, अंडी, पनीर, मासे जोडावे लागतात. किडनीचा त्रास असेल तर हा हिशेब डॉक्टरांनीच ठरवायचा.

संधिवाताने बोटं आखडलेली असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर यंत्र घेऊ नका. तिथे आकडा दुखण्याचा येतो, ताकदीचा नाही. खुर्ची आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढ्यावर भागतं.