शंभर मीटरला लांब ढांग की भरभर पावलं?

उंची साडेपाच फुटांच्या आसपास, हंगाम तोंडावर, आणि वेळ कमी करायचीय. अशा वेळी मैदानावरचा निम्मा सल्ला असतो 'ढांग वाढव', उरलेला 'पाय भरभर चालव'. मी दोन्ही करून पाहिलंय.

ढांगवाल्यांकडे उसेन बोल्ट आहे, त्यामुळे त्यांचा आवाज मोठा. 1.95 मीटर उंची, 2009 ला बर्लिनमध्ये 9.58 सेकंद, पावलं साधारण 41. त्याच शर्यतीत 9.71 मध्ये दुसरा आलेला टायसन गे 1.80 मीटरचा, त्याला सुमारे 45 पावलं लागली. चार पावलं वाचवली की जिंकलो, असं वाटणं साहजिक आहे. पण भागाकार करून बघा. बोल्टचं सरासरी पाऊल उंचीच्या सव्वापट, आणि गेचंही जवळजवळ तेवढंच! म्हणजे ती ढांग बोल्टच्या उंचीतूनच आली. आपण कुठून आणायची?

मी आणायला गेलो. कोल्हापुरात गांधी मैदानात भल्या सकाळी फक्कीच्या खुणा मारायच्या आणि प्रत्येक खुणेवर पाऊल टाकायचं. ताकद लागते, त्याचं काही नाही. वैताग होता तो खुणा गाठण्याचा. नजर खाली जाते, मान वाकते, आणि खूण हुकू नये म्हणून पाय अंगाच्या पुढे जाऊन पडतो. मग टाच धप्पकन आपटते आणि आलेला वेग तिथंच अडतो. पळताना दर पावलाला ब्रेक दाबल्यासारखं. वर मांडीची मागची शीर धरायची ती वेगळीच. शेवटी फक्कीची पिशवी घरीच राहू लागली.

भरभर पावलांत हा त्रास मला झाला नाही. पाय कमरेखालीच पडतो, मान सरळ राहते. यातही एक खोट आहे म्हणा. नुसते पाय हवेत फिरवले तर जागच्या जागी नाचल्यासारखं होतं. पाय हवेतून पुढे आणायला लागणारा वेळ हळू आणि वेगवान धावपटूंत फारसा वेगळा नसतो. वेगवान माणूस कमी वेळात जमिनीला जास्त जोर देतो. तो जोर आला की ढांग आपोआप थोडी वाढते, तीही न मागता. 1.72 मीटरच्या चिनी धावपटू सू बिंगत्यानने टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत 9.83 सेकंद दिली, ती काही ढांगेच्या जिवावर नव्हे.

तुम्ही सहा फुटांच्या वर असाल तर कदाचित उलटं सांगावं लागेल. उंच पोरांना सुरुवातीला पाय गोळा करायलाच वेळ लागतो, त्यांनी पुढच्या टप्प्यात ढांगेचा फायदा उठवावा. बाकीच्यांनी निदान सरांशी बोलून पाहावं. आणि ठरवण्याआधी कुणाला तरी बाजूला उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. पाय टेकतो तेव्हा तो कमरेच्या किती पुढे आहे, तेवढंच बघा.