जेनी लेकची प्रदक्षिणा

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात, हिमनदीने कोरलेल्या जेनी लेकभोवती सुमारे ११ किलोमीटरची पायवाट आहे. ती मध्यम श्रेणीची मानली जाते ते योग्यच, कारण सरोवराकाठी चढ बेताचा असला तरी अंतर शेवटी पोटऱ्यांना जाणवतेच.

घड्याळाच्या उलट दिशेने निघावे, असे माझे मत आहे. पूर्वेकडच्या काठाने मोटारींचा आवाज अधूनमधून येत राहतो आणि तो टप्पा काहीसा कंटाळवाणा वाटतो. मात्र सकाळी समोरच्या टीटन शिखरांवर थेट ऊन पडलेले असते, तेव्हा ही तक्रार फार वेळ टिकत नाही. काठाशी पाणी इतके नितळ आहे की तळाचे गोटे एकेक करून मोजता यावेत.

वाटेचे खरे वैभव पश्चिम काठावर आहे. सुमारे ३० मीटर उंचीचा हिडन फॉल्स आधी ऐकू येतो आणि झाडी ओलांडल्यावरच दिसतो. तेथून इन्स्पिरेशन पॉइंटकडे जाणारी खडकाळ चढण मात्र दमवते. वर सुमारे २,२०० मीटर उंचीवरून अख्खे सरोवर एका नजरेत मावते. उन्हाळ्यात तिकीट काढून बोटीने थेट या काठाला येता येते, त्यामुळे येथे गर्दी असते.

हा अस्वलांचा प्रदेश असल्याने अस्वलांना पिटाळणारा फवारा पिशवीत न ठेवता कमरेला अडकवावा आणि अस्वल दिसल्यास किमान ९० मीटर अंतर राखावे.