कोल्हापूरच्या रिसर्चवाल्यांनो, दिल्लीच्या आययूएसीला एकदा तरी जाऊन या

कोल्हापुरात थिन फिल्मवर (काचेसारख्या तळावर चढवलेल्या अगदी पातळ थरावर) काम करणारी पोरं लई आहेत पण ॲक्सिलरेटर, म्हणजे चार्ज असलेल्या कणांना प्रचंड वेग देणारं मशीन, म्हटलं की मागं सरतात, आपल्याला कोण आत घेणार म्हणून. मीपण तसाच होतो. इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर, म्हणजेच आययूएसी, अख्खं विद्यापीठांसाठीच काढलंय, प्रपोजल द्यायचं, कमिटीला पटलं की बीम टाइम, म्हणजे मशीन वापरायची वेळ, मिळतो आणि विद्यापीठवाल्याला त्याचे पैसे पडत नाहीत.

मशीन म्हणजे नादखुळा. पेलेट्रॉन हे तिथल्या ॲक्सिलरेटरचं नाव, त्याचा उभा टँक साधारण २६ मीटर उंच. विहिरीवरच्या रहाटाला पोहरे असतात ना तशी धातूच्या गोळ्यांची साखळी आत फिरते आणि पाण्याऐवजी चार्ज वाहून नेते, मधल्या टर्मिनलवर १५ मिलियन व्होल्टपर्यंत. वरनं आलेला निगेटिव्ह आयन (चार्ज असलेला अणू) तिथं कार्बनच्या फॉइलमधून जाताना इलेक्ट्रॉन सोडतो, पॉझिटिव्ह होतो आणि त्याच व्होल्टेजनं परत खाली ढकलला जातो, म्हणजे एका व्होल्टेजचा डबल फायदा! माझ्या फिल्मवर १०० एमईव्ही (मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेचे चांदीचे आयन मारले, सेकंदाला १३ हजार किलोमीटरच्या वेगाचे. ते फिल्ममध्ये थांबत नाहीत, आरपार जाऊन खालच्या सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे फिल्म ज्यावर चढवलीय त्या तळात, रुततात, फिल्ममध्ये राहतो तो फक्त त्यांच्या वाटेवरचा बदल, आणि आपल्याला हवा असतो तोच.

तयारी मात्र इथनंच करून जा. सॅम्पल १ सेंमी बाय १ सेंमीचे कापा, प्रत्येकाचे दोन जास्तीचे ठेवा. माझी एक फिल्म व्हॅक्यूममध्ये सोलून निघाली आणि स्पेअर नव्हता, तो फ्लुएन्स (एका चौरस सेंटीमीटरवर मारायच्या आयनांचा आकडा) कायमचा राहिला, अजून जीव तळमळतो. वेळेचा हिशोबपण आधीच मांडा, १ पार्टिकल नॅनोअँपिअर करंटला (सेकंदाला साधारण ६२४ कोटी आयन) एका चौरस सेंटीमीटरवर १० चा १३ वा घात एवढे आयन पडायला जवळपास २७ मिनिटं लागतात.

आणि हे फक्त फिजिक्सवाल्यांचं नाही बरं का. न्यूक्लियर फिजिक्स आहेच, पण पेशींवर रेडिएशन मारून बघणारे बायोलॉजीवाले येतात, शिवाय कार्बन डेटिंग होतं, म्हणजे एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूतल्या कार्बनवरनं तिचं वय काढणं, त्याला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. आपल्या कोल्हापुरातल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाचं, ब्रह्मपुरीचं, उत्खनन झालं १९४५-४६ ला, तेव्हा कार्बन डेटिंग निघालंच नव्हतं. तिथं सापडलेल्या, आता टाउन हॉल म्युझियममध्ये असलेल्या पोसायडनच्या (ग्रीकांच्या समुद्रदेवाच्या) ब्राँझच्या मूर्तीचं वय यातनं कळणार नाही, पण कुठल्याही खोदकामात चुलीतला कोळसा मिळाला तर त्याचं कळतं. आर्किऑलॉजीवाल्यांनो, कोळशाचा चिमूटभर तुकडासुद्धा टाकून देऊ नका.