साताऱ्यात मटणाच्या जेवणासाठी कोठे बसावे: पेठेतील खाणावळ की महामार्गावरील गार्डन रेस्टॉरंट

साताऱ्यात मटण खायला बाहेर जायचे ठरले की आमच्या घरी जागेवरून चर्चा सुरू होते. राजवाड्याच्या मागच्या अंगाला, जुन्या पेठेत, सहा टेबलांची एक खाणावळ आहे. आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या सेवारस्त्यावर लॉन, झोपाळे आणि चाळीसएक टेबले असलेले एक गार्डन रेस्टॉरंट आहे. गेली पाच-सहा वर्षे आम्ही दोन्हीकडे आलटून पालटून जात आलो आहोत. दोन्ही प्रकारच्या जागा गावात अनेक असल्याने नावे देत नाही. ज्यांना याच दोन प्रकारांतून एकाची निवड करायची आहे, त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा एवढाच हेतू आहे.

येथे मी घाईचे जेवण गृहीत धरलेले नाही. पुण्याहून कोल्हापूरला जाताना अर्ध्या तासात पोट भरून पुढे निघायचे असेल तर महामार्गावरची जागाच सोयीची, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. आमचा प्रश्न वेगळा होता. चार-पाच माणसांचे कुटुंब, त्यात अठ्ठ्याहत्तरीला आलेले वडील, बुधवारची किंवा रविवारची संध्याकाळ, आणि दीड-दोन तास निवांत बसून, गप्पा मारत, मनासारखे जेवण, असा आमचा बेत असतो.

गार्डन रेस्टॉरंटचे गुण आधी मान्य करतो, कारण ते खरोखरच आहेत. गाडी दारात लागते, पायऱ्यांऐवजी उतार आहे, स्वच्छतागृह नीट ठेवलेले असते आणि मुलांना खेळायला मोकळी जागा मिळते. टेबलांमध्ये पुरेसे अंतर असल्याने शेजारच्यांचे बोलणे कानावर पडत नाही. घरात कोणी माळकरी असेल किंवा कोणाचा उपवास असेल तर त्यांनाही तेथे व्यवस्थित जेवता येते. अजिंक्यताऱ्यावरचे दिवे तेथून दिसतात आणि पावसाची भुरभुर थांबलेली असेल तर बाहेर लॉनवर बसण्यात खरोखर आनंद आहे.

चवीच्या बाबतीत मात्र दोन्ही जागा एका पंगतीत बसत नाहीत, निदान माझ्या जिभेला तरी. खाणावळीत बसल्याबरोबर लहान वाटीतून अळणी येते. हळद, मीठ आणि कांदा एवढ्यावरच मटण शिजवून काढलेले ते पाणी म्हणजे पुढच्या जेवणाची ओळखच असते. बोकड कोवळा आहे की जून आहे, मटण सकाळचे आहे की कालचे, हे त्या एका वाटीत कळते, कारण त्यात लपवायला मसालाच नसतो. सुक्के आणि तांबडा रस्सा दोन्ही त्या अळणीतूनच पुढे घडतात आणि त्यांना लागणारा कांदा-लसूण मसाला घरचे लोक उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात. गार्डन रेस्टॉरंटच्या पत्रकावर मटणाचे डझनभर प्रकार आहेत. आम्ही त्यांतले मटण मसाला, मटण कोल्हापुरी आणि मटण हंडी असे तीन एकाच वेळी मागवून पाहिले, तेव्हा तिन्ही भांड्यांतला रस्सा मला जवळजवळ सारखाच लागला. फरक होता तो तिखटाचा आणि वरून सोडलेल्या तेलाचा. पांढरा रस्सा मात्र तेथे चांगला असतो, नारळाचे दूध ताजे असते आणि खसखस नीट वाटलेली असते, हे सांगितले पाहिजे.

ज्याला अगत्य म्हणतात ते कोठे दिसते, यावर मी बराच विचार केला आहे. गार्डन रेस्टॉरंटमधील मुले गणवेशात असतात, खुर्ची ओढून देतात, पाण्याची बाटली थंड हवी की साधी हे विचारतात आणि बिलाबरोबर बडीशेप आणतात. त्यांच्या वागण्यात खोट काढण्यासारखे काही नाही. खाणावळीतला वाढपी मालकच आहे. त्याची आई आणि बायको आत चुलीपाशी असतात आणि तो एकटा बाहेर सहा टेबले सांभाळतो. तो पाणी विचारीत नाही, तांब्या भरून ठेवतो. पण सुक्के वाढण्याआधी तो पातेले कलते धरून प्रत्येकाकडे पाहतो आणि विचारतो, "चापेचं वाढू का मांडीचं? चरबी चालती का?" वडिलांच्या ताटात तो न विचारता नळी टाकतो, ती आधी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटून सैल करतो, म्हणजे दात नसलेल्या माणसालाही आतला मगज ओढून घेता येतो. परगावी मोठ्या हॉटेलात मांस किती भाजून हवे हे गिऱ्हाइकाला आवर्जून विचारतात आणि त्याचे आपल्याला अप्रूप वाटते. कोणता तुकडा हवा हे विचारणे त्याच तोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

तरीही एवढ्यावर आमचा निर्णय झाला नसता. निर्णय झाला तो भाकरीवरून, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

वडिलांना आता भाकरी तोडून चावता येत नाही. ते ती ताटात कुस्करतात, वर तांबडा रस्सा ओततात, दोन मिनिटे मुरू देतात आणि मग काला खातात. या पद्धतीत सगळे काही वेळेवर अवलंबून असते. भाकरी तव्यावरून आलेली असेल तर ती बोटांनी सहज फुटते आणि रस्सा शोषून घेते. दहा मिनिटांची झाली की कडा कडक होतात आणि काला कितीही भिजवला तरी त्यात खडे राहतात. बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे गार झालेल्या भाकरीला पुन्हा मऊपणा येत नाही. रस्साही थांबत नाही. बोकडाची चरबी कोंबडीच्या चरबीपेक्षा लवकर थिजते आणि डिसेंबरातल्या साताऱ्याच्या थंडीत उघड्या लॉनवर वाटीतला तवंग बघता बघता पांढरा होऊन कडेला धरतो. असा रस्सा टाळूला चिकटतो आणि चव जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्या गार्डन रेस्टॉरंटमध्ये असेच झाले. पहिल्या फेरीच्या भाकऱ्या वेळेवर आल्या. वडिलांनी काला केला, चवीने खाल्ला आणि आणखी एक भाकरी मागितली. मुलाने नम्रपणे "हो, लगेच" म्हटले आणि तो गेला. पाच मिनिटांनी मी आठवण केली, त्याने पुन्हा "हो, लगेच" म्हटले. त्यानंतर दुसरा मुलगा आला, त्याने विचारले की तंदुरी रोटी चालेल का, ती लगेच मिळेल. वडील काही बोलले नाहीत. उजवा हात ताटाच्या काठावर ठेवून ते बसून राहिले, बोटांवरचा रस्सा वाळून गेला आणि वाटीत पांढरा थर धरला. भाकरी आली तेव्हा त्यांनी तिला हात लावला, ती बाजूला सारली आणि हात धुवायला उठले. घरी आल्यावर त्यांनी आईकडे दूध-भाकरी मागितली. ज्या जेवणासाठी आपण त्यांना मुद्दाम बाहेर नेले, त्या जेवणातून ते अर्धपोटी उठले, ही गोष्ट मला फार लागली.

त्या मुलांना मी दोष देत नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन पाहिले. तंदूर मोठा होता आणि रोट्या भराभर निघत होत्या. भाकरीला मात्र एकच तवा आणि एकच मावशी होत्या. भाकरी हे एकेक करूनच होणारे काम आहे. एक परातीत थापली जात असते, दुसरी तव्यावर पाणी फिरवून घेत असते आणि तिसरी जाळावर फुगत असते. यापेक्षा वेग वाढवला तर ती कच्ची राहते किंवा चिरते. चाळीस टेबलांपैकी निम्म्यांनी जरी भाकरी सांगितली, तरी त्या एका तव्यापुढे रांग लागणारच. मग बाहेरच्या मुलाने कितीही तत्परता दाखवली तरी त्याच्या हातात सांगण्यापलीकडे काही उरत नाही.

खाणावळीत सहा टेबलांना दोन चुली आहेत. मालक फिरताना लोकांच्या तोंडाकडे कमी आणि ताटाकडे जास्त पाहतो. ताटातली भाकरी अर्धी झाली की तो कोणालाही न विचारता आत आवाज देतो, "तीन नंबरला एक टाका." ती भाकरी येईपर्यंत पहिली संपलेली असते. नको असेल तर शेजारच्या टेबलावर जाते, वाया जात नाही. भाकरी ठेवताना रस्स्याची किटली त्याच्या दुसऱ्या हातात असते. वडिलांपाशी आला की तो वाकून म्हणतो, "आप्पा, गरम हाय तवर चुरून घ्या," आणि त्यांचे कुस्करून होईपर्यंत थांबून वरून कढत रस्सा ओततो. गेल्या दोन वर्षांत तेथे वडिलांचा हात एकदाही वाळलेला मी पाहिला नाही.

खाणावळीच्या उणिवा मात्र झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दारात तीन उंच दगडी पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. चारचाकी लांब लावून बोळातून चालत यावे लागते. बाके अरुंद आहेत, तासाभराने पाठ भरून येते. भिंतीला लागून असलेल्या टेबलावर बसले तर चुलीचा धूर डोळ्यांत जातो. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी खाणावळ बंद असते, श्रावणात तर महिनाभर. आणि आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात तेथे जाणे म्हणजे दारात तासभर उभे राहणे. रात्री नऊनंतर सुक्के बहुधा संपलेले असते. शाकाहारी माणसाला पिठले किंवा अख्खा मसूर यांपैकी त्या दिवशी जे असेल ते घ्यावे लागते.

पैशांचा फरक वाटतो तेवढा मोठा नाही. मटणाचा भाव किलोला ७०० रुपयांच्या पुढे गेल्यापासून स्वस्त मटण कोठेच उरलेले नाही. खाणावळीत ताटाचा एकच दर असतो आणि भाकरी, रस्सा, भात त्यातच येतात. गार्डन रेस्टॉरंटमध्ये प्रत्येक भाकरी वेगळी मोजली जाते आणि बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. लहान खाणावळी बहुधा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करपद्धतीत असतात आणि त्या योजनेतल्या व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. सेवा शुल्क कोणत्याही उपाहारगृहाला बिलात परस्पर जोडता येत नाही; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तशा सूचना काढल्या आहेत. आमच्याकडून ते दोन्हीकडे कधी घेतले गेले नाही.

तेव्हा आठ-दहा माणसे असतील, लहान मुले असतील, निम्मे शाकाहारी असतील किंवा कोणाला पायऱ्या अजिबात चढवत नसतील, तर गार्डन रेस्टॉरंट निवडण्यात चूक नाही. तेथे गेल्यास भाकरीऐवजी रोटी किंवा भात घ्यावा आणि पांढरा रस्सा आधी मागवावा; बहुतेकांची संध्याकाळ चांगली जाईल. ज्यांचा जीव भाकरी-रस्स्यात आहे आणि ज्यांच्यासोबत घरचे वडीलधारे आहेत, त्यांनी पायऱ्यांचा त्रास सोसूनही खाणावळीत जाऊन पाहावे, असे मी सुचवीन. तेथे संध्याकाळी साडेसातला पोहोचावे आणि दाराजवळचे टेबल मागून घ्यावे. धूर लागत नाही आणि हात धुवायला लांब जावे लागत नाही.

येत्या बुधवारी वडिलांचा वाढदिवस आहे. मुलांना झोपाळ्यांचे आकर्षण असल्याने महामार्गावर जावे का, असा विचार घरात एकदा झाला, पण मी खाणावळीतच फोन केला. पायऱ्यांवर हात द्यायला एक माणूस आणि पाठ टेकायला घरची एक खुर्ची ठेवतो, असे मालकाने सांगितले. मग त्याने विचारले, "आप्पा नक्की बुधवारी येणार नव्हं? बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू हुतंय, मंगळवारी रातीलाच दळून आणतो."